बिनभोकाची कुंडी

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या आजोबांच्या आजोबांनाही ‘गप्प बस’ म्हणून दटावणारं कुणीतरी होतं तेव्हा, एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं.

लहानांनो, नीट ऐका. मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच नीट ऐका. गोष्ट तुमची आहे.

त्या गावाची एक रीत होती. नवी सून सासरी येताना माहेरहून कढीलिंबाचं रोप घेऊन यायची. ते रोप दारापुढच्या ओट्यावर एका कुंडीत लावायचे. मग वर्षभर जो कुणी वडीलधारा दारात येईल, तो आधी त्या रोपाला तांब्याभर पाणी घालायचा आणि मगच उंबरा ओलांडायचा. याला म्हणायचे आशीर्वादाचं पाणी. वर्ष सरलं की फोडणीचा दिवस. त्या दिवशी सून आपल्या रोपाचा पाला तोडून आमटीला फोडणी द्यायची, सगळ्या थोरांना जेवू घालायची आणि तेव्हा कुठे ती त्या घरची व्हायची.

आणि रोप मेलं तर? तर सून पांढऱ्या पायाची. तिला परत माहेरी धाडायचे. रिकामी कुंडी तिच्या कडेवर देऊन.

कुंडीचंही एक होतं. गावचा कुंभार या कुंड्यांना बुडाला भोक ठेवायचा नाही. का, तर आशीर्वाद गळून जायला नको. कुणीतरी पणजोबा हे म्हणून गेला होता. पणजोबाने आयुष्यात एकही रोप लावलं नव्हतं, पण ते कुणी विचारलं नाही.

अशा त्या गावातल्या सगळ्यात मोठ्या घरात एक नवी सून आली. घरात सासू होती. सासूचे सासरे होते, म्हणजे घरचे आणि गावचेही आजोबा. पांढरी मिशी, हातात काठी आणि कुठल्याही प्रश्नाचं उत्तर तयार. नवरा होता, तो आजोबांच्या मागे उभा असायचा. आणि माजघरात नणंद होती. तिचं लग्न होऊन ती शेजारच्या आळीतल्या एका भरल्या घरात गेली होती आणि वर्ष पुरं व्हायच्या आत रिकामी कुंडी घेऊन परत आली होती. तेव्हापासून ती फारशी बोलत नसे. रिकामी कुंडी माजघराच्या कोपऱ्यात तशीच पडली होती. तिच्यात आता कुणी झाडू उभा करून ठेवायचं.

नव्या सुनेला एक खोड होती. तिला ‘का’ विचारल्याशिवाय राहवत नसे. पंतोजींनी तिला याच खोडीपायी पाठशाळेतून काढून टाकलं होतं. पृथ्वी शेषाच्या डोक्यावर आहे असं ते म्हणाले, तर हिने विचारलं, मग शेष कशावर बसलाय? झालं. पाटी घेऊन घरी.

मोठं घर म्हणजे माणसांची ये-जा. सकाळपासून थोर लोक यायचे. कुणी सल्ला द्यायला, कुणी घ्यायला, बरेचसे नुसते ओट्यावर बसायला. प्रत्येक जण तांब्याभर पाणी ओतायचा आणि मिशीवर हात फिरवायचा. आजोबा तर दिवसातून दोनदा घालायचे, आपण सगळ्यात थोर म्हणून.

सुनेचं रोप आलं तेव्हा हिरवंगार होतं. थोड्याच दिवसांत खालची पानं पिवळी पडली. मग गळायला लागली.

“अहो आजोबा, हे असं का होतंय?” सुनेने विचारलं.

“दृष्ट,” आजोबा म्हणाले.

“कुणाची?”

“ते तुझं तुला ठाऊक. आणि पाणी वाढवायला सांगतो सगळ्यांना.”

म्हणजे बघा. रोगी पाण्यात बुडतोय आणि वैद्य म्हणतोय, अजून पाणी पाजा.

ती नवऱ्याकडे गेली. “अहो, मातीला वास येतोय. सगळे सारखं पाणी घालतात, तुम्ही सांगा ना जरा.”

“अगं, मोठी माणसं आहेत. घालू दे की. आपलं काय जातंय?”

“तुमचं काहीच जात नाही,” सून म्हणाली. “मी जाते.”

नवरा जाऊन पुन्हा आजोबांच्या मागे उभा राहिला. त्याला तेवढंच येत होतं.

एका दुपारी सगळे पडलेले असताना सासू हळूच तिच्याजवळ आली. आजूबाजूला पाहिलं आणि कानाशी बोलली, “पोरी, रडत बसू नकोस. डोंगराच्या मागे ओढ्याकाठी कढीलिंबाची झाडी आहे. त्यातलं तुझ्या रोपाएवढं एक उपटून आण. पहाटे बदलून टाकू. कुणाला कळत नाही.”

“तुम्हाला कसं ठाऊक, आत्याबाई?”

सासू पदराशी चाळा करत राहिली. “माझं दोनदा मेलं होतं.”

सून बघतच राहिली. “म्हणजे सगळ्याच बायका…”

“सगळ्या नाही. ज्यांना कुणी सांगितलं त्या.”

“मग वन्संना?”

सासूने माजघराकडे पाहिलं. “तिच्या सासूने तिला सांगितलं नाही.”

“आणि तुम्ही?”

“लाज वाटली गं. पोटच्या पोरीला कसं सांगू, की तुझी आई या घरात चोरीच्या रोपावर राहिलीय?”

असं असतं मोठ्यांचं. खरं ठाऊक असतं, पण ते लुगड्याच्या निऱ्यांत खोचून ठेवतात आणि पोरं त्याच खड्ड्यात पडताना बघत बसतात.

सून ओढ्याकडे गेली नाही. तसं सोपं होतं. पण रोप बदललं तरी प्रश्न बदलत नव्हता. हे मरतं का? आणि ओढ्याकाठचं, ज्याला कुणीही आशीर्वाद देत नाही, ते जगतं का?

ती माजघरात गेली. “वन्सं, तुमच्या रोपाला किती जण पाणी घालायचे?”

नणंदेने मान वर केली. इतक्या दिवसांत तिला रोपाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं होतं ते तिच्या पायांबद्दल.

“भरलं घर होतं, वहिनी. अख्खी आळी घालायची. कुंडीत पाणी वर तरंगायचं. बेडकाची पिल्लं झाली होती त्यात.”

“आणि गावात आजवर कुणाचं रोप जगलंय? नुसतं वर्षापुरतं नाही, पुढेही?”

नणंदेने विचार केला. “वेशीजवळच्या त्या खवट म्हातारीचं. आता झाड झालंय त्याचं.”

ती खवट म्हातारी साऱ्या गावाला माहीत होती. तिच्या तोंडाला भिऊन कुणी तिच्या वाटेला जात नसे. दोघी तिच्या दारात गेल्या. बघतात तर काय, ओट्यावर कुंडीतून उगवलेला कढीलिंब छपरापर्यंत गेलेला. बुंध्याभोवती मुळांतून फुटलेली छोटी छोटी रोपं. वास असा, की भूक लागावी.

“कोण गं त्या भवान्या?” आतून आवाज आला. “पाणीबिणी ओतायला आल्या असाल तर तंगड्या तोडीन!”

“नाही आजी, विचारायला आलोय,” सून म्हणाली. “तुमचं रोप कसं जगलं?”

म्हातारी बाहेर आली. कमरेवर हात ठेवून तिने दोघींना खालून वर न्याहाळलं. “शिव्या देते मी त्याला. रोज सकाळी. मेल्या, मुडद्या, वाढतोस की नाही? भ्यालं की वाढतं. पोरांचंही तसंच असतं.”

“तुमची पोरं कुठे आहेत, आजी?”

“गेली पळून,” म्हातारी म्हणाली.

सुनेला हसू आलं, पण तिने ते गिळलं. ती खाली बसली आणि कुंडी बघायला लागली. कुंडीला बुडापासून वरपर्यंत एक तडा गेला होता. त्यातून बारीक मुळी बाहेर डोकावत होती.

“हा तडा कसला?”

“लग्नानंतर पहिल्या सणाला नवऱ्याशी भांडण झालं. त्याने कुंडीला लाथ घातली. मी त्याला घातली. कुंडी तडकली, तो बसला रुसून. नवी कुंडी आणायला पैसे कुठले?”

“आणि आशीर्वादाचं पाणी?”

“माझ्या दारात कोण येतंय मरायला!”

सुनेने बोट मातीत घातलं. वरून कोरडी, आत बोटाच्या दुसऱ्या पेरापाशी गार, जराशी ओली. भुसभुशीत. घरच्या कुंडीत बोट घातलं की चिखल लागायचा आणि बोटाला कुजका वास राहायचा.

आता बघा, उत्तर समोर होतं. पण या मुलीला उत्तर ऐकून पुरायचं नाही, तिला ते करून बघायचं असायचं. तिने म्हातारीकडून मुळाशी फुटलेली दोन रोपं मागून घेतली. एक लावलं कुंभाराकडून आणलेल्या बिनभोकाच्या कुंडीत. दुसऱ्यासाठी नणंदेने कोपऱ्यातली आपली कुंडी पुढे केली, झाडू बाजूला काढून. ती कुंडी दिवसभर पाण्यात बुडवून ठेवली, म्हणजे भाजलेली माती जरा नरम पडते. मग उपडी करून बुडावर खिळा टेकवला आणि हातोडा न मारता, नुसता दाब देत सून तो फिरवत राहिली. भोक पडलं, कुंडी फुटली नाही. भोकावर खापराचा एक तुकडा पालथा ठेवला, म्हणजे पाणी जाईल आणि माती राहील. दोन्ही कुंड्यांत लाल माती, मूठमूठ वाळू आणि जुनं कुजलेलं शेणखत.

परसात दोन्ही कुंड्या शेजारी ठेवल्या. दोन्हींना रोज सारखंच पाणी घातलं. आणि म्हातारीचं म्हणणंही तपासायला हवं म्हणून नणंद रोज सकाळी बिनभोकाच्या रोपाला शिव्या द्यायची. सुरुवातीला लाजत. मग सासरच्या एकेकाचं नाव घेऊन. तिला इतकं मोकळं बोलताना घराने बऱ्याच काळानंतर ऐकलं.

महिना उलटला. शिव्या खाणारं रोप पिवळं पडून आडवं झालं. भोकाच्या कुंडीतल्या रोपाला तांबूस पालवी फुटली.

“शिव्या नाहीत,” सून म्हणाली.

“भोक,” नणंद म्हणाली आणि हसली.

तोवर ओट्यावरच्या माहेरच्या रोपाला शेंड्याची चार पानं काय ती उरली होती. दोघींनी ते अलगद उपटलं. मुळं काळी, बोटांनी चिरडावीत अशी मऊ. सुनेने कात्रीने सगळी कुजकी मुळं कापून टाकली. आत थोडी पांढरी, टणक मुळं सापडली. मुळं कमी झाली तेव्हा वरचं ओझंही कमी हवं, म्हणून शेंडा थोडा छाटला. कुंडी धुऊन उन्हात वाळवली, भिजवली, भोक पाडलं, नवी माती भरली आणि कुंडी दोन विटांवर टेकवली, म्हणजे बुडातून वारा खेळेल. मग उन्हाची झळ लागणार नाही अशी ओट्याच्या कडेला सरकवली.

ओट्यावर आजोबा आले. तांब्या उचलला. सून “नको” म्हणेपर्यंत त्यांनी तो ओतलाही. पाणी मातीतून गेलं, भोकातून बाहेर पडलं, ओट्यावरून ओघळलं आणि थेट आजोबांच्या कोऱ्या जोड्यांत शिरलं.

आजोबांनी खाली पाहिलं. मग ते ओरडले. अशी आरोळी गावाने आग लागली तेव्हाही ऐकली नव्हती.

“आशीर्वाद गळला!”

हां हां म्हणता सगळे थोर ओट्यावर जमा झाले. गावात काम नसलेले लोक किती आहेत, हे अशा वेळी कळतं.

“हिने कुंडीला भोक पाडलं,” आजोबा काठी आपटत म्हणाले. “आमच्या आशीर्वादाला भोक पाडलं! आजच्या आज माहेरी धाडा.”

“धाडा की,” सून म्हणाली. “पण आधी एक बघा.”

नणंदेने परसातून दोन्ही कुंड्या आणल्या. सुनेने बिनभोकाची कुंडी सगळ्यांसमोर उपडी केली. बदकन चिखलाचा गोळा पडला. असा वास सुटला, की सगळ्या थोरांची उपरणी एका झटक्यात नाकाला लागली.

“हा तुमचा आशीर्वाद,” सून म्हणाली. “साठला की असा वास येतो.”

मग तिने दुसऱ्या कुंडीतल्या मातीचा गोळा हातावर अलगद काढून दाखवला. भोवती पांढऱ्या मुळांची जाळी. वास पावसाळ्यातल्या शेतासारखा.

“दोघांना पाणी सारखंच घातलं. आजोबा, झाडाची मुळं श्वास घेतात. तुम्ही त्यांना वर्षानुवर्षं बुडवून मारताय आणि खापर पोरींच्या पायांवर फोडताय.”

“मला शिकवतेस?” आजोबांची मिशी थरथरली. “माझे केस काय उन्हात पांढरे झाले?”

“केस कशानेही होऊ देत. एकदा तरी मातीत बोट घालून बघितलंत?”

कुणी घातलंच नव्हतं. मातीत बोट घालणं हे थोरांचं काम नव्हे.

“माझं एवढंच म्हणणं आहे,” सून म्हणाली. “फोडणीच्या दिवसापर्यंत ज्याला पाणी घालायचंय, त्याने आधी बोट घालावं. दुसऱ्या पेरापर्यंत. कोरडं लागलं तर खुशाल घाला, मी पाया पडेन. ओलं लागलं तर तांब्या खाली ठेवा. त्या दिवशी पाला नसला, तर मी माझी कुंडी घेऊन आपण होऊन जाईन.”

“वडीलधारे चिखलात बोटं घालणार? कोण घालेल?” एक थोर हसला.

तेव्हा दारातून सासू बाहेर आली. सासऱ्यांसमोर तिने आजवर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. तिने तो कमरेला खोचला, कुंडीपाशी बसली आणि बोट मातीत घातलं.

“ओलं आहे,” ती म्हणाली.

मग आजोबांकडे न बघता, लेकीकडे बघत म्हणाली, “माझ्या वेळीही ओलंच होतं. दोन्ही वेळी. ओट्यावर जगलं ते माझं रोप नव्हतं, ओढ्याकाठचं होतं.”

गर्दीतल्या बऱ्याच बायकांनी माना खाली घातल्या. बरेच थोर आपापल्या बायकांकडे बघायला लागले. आणि धाडायचं वगैरे बोलणं त्या दिवशी कुणी पुढे नेलं नाही, कारण प्रत्येकालाच आपल्या घरी जाऊन काहीतरी विचारायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मजा झाली. थोर यायचे, तांब्याकडे बघायचे, मातीकडे बघायचे, आपल्या स्वच्छ बोटांकडे बघायचे आणि तसेच उंबरा ओलांडून आत जायचे. म्हणजे इतकी वर्षं जो आशीर्वाद फुकट वाटला, त्यासाठी बोटसुद्धा मळवायची कुणाची तयारी नव्हती. थोडे मात्र होते, ज्यांनी बोट घातलं. त्यांना गंमत वाटली. ते रोज घालायला लागले. मग ते विचारायला लागले, सकाळी पाणी द्यावं की दुपारी? सून म्हणायची, सकाळी. दुपारच्या तापल्या मातीत नको. नवरासुद्धा एके दिवशी आजोबांच्या मागून निघाला आणि बोट घालून म्हणाला, “कोरडं आहे गं, घालू का?” सून म्हणाली, “एवढं विचारलंत, घाला.”

रोपाने बरेच दिवस काहीच केलं नाही. झाडं अशीच असतात. आधी खाली सावरतात, मग वर दाखवतात. सुनेला रोज भीती वाटायची, पण ती उपटून बघायची नाही. मग एका सकाळी खोडावर लाल ठिपका दिसला. ठिपक्याचा कोंब झाला. त्याला हळूहळू कोवळं ऊन दाखवलं. हिवाळ्यात ते वाढायचं थांबलं, तेव्हा तिने पाणी आणखी कमी केलं. ऊन वाढलं तशी वरून माती उकरून मूठभर शेणखत दिलं, अधूनमधून आंबट ताक पाणी घालून पातळ करून दिलं. शेंडे खुडले, तर एका फांदीच्या दोन झाल्या.

फोडणीचा दिवस आला. सुनेने पाला तोडला. तेल तापलं, मोहरी तडतडली, पाला पडला आणि वास ओट्यावरून थेट वेशीपर्यंत गेला. तो हुंगत खवट म्हातारी आली आणि कुणी बोलावलं नसताना पहिल्या पानावर बसली.

“भ्यालं वाटतं तुझं रोप,” ती म्हणाली. तिला अजूनही शिव्यांमुळेच वाढतं असं वाटत होतं. काही माणसं डोळ्यांनी बघूनही शिकत नाहीत. असो.

ज्यांनी बोट घातलं होतं ते जेवायला बसले. आजोबाही बसले. त्यांनी वर्षभरात एकदाही बोट घातलं नव्हतं.

“मला त्या पाल्याची आमटी नको,” ते ताठ मानेने म्हणाले.

“बरं,” सून म्हणाली आणि तिने त्यांना बिनफोडणीचं वरण वाढलं. आग्रह कुणीच केला नाही. सगळे भुरके मारत होते आणि आजोबा आपल्या थोरपणासोबत आळणी वरण गिळत होते. त्यानंतरही ते ओट्यावर बसायचे, पण सल्ला घ्यायला त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही.

नणंदेचं काय झालं? तिच्या सासरची माणसं न्यायला आली. म्हणाली, झालं गेलं विसर, चूक कुंडीची होती. नणंद कुंडी उपडी धरून खिळा फिरवत बसली होती. तिने वरही पाहिलं नाही.

“कुंडीला तोंड नसतं,” ती म्हणाली. “तुम्हाला होतं. सरका बाजूला, उजेड येऊ द्या. अख्ख्या गावाच्या कुंड्या पडल्यात.”

त्या गावातून पुन्हा कुठलीही सून रिकामी कुंडी घेऊन परत गेली नाही.

बोध एवढाच: ज्याला जगवायचंय त्याला काय हवंय ते आधी हात मळवून बघा, न बघता ओतलेलं पाणीही जीव घेतं, आणि आशीर्वादही.